आवतणाची यादी : धवले, गावठाण आणि कथनाचे सामर्थ्य

१

पारंपरिक कथन समाजाला एकत्र बांधते, हे विधान लोकसाहित्याच्या मराठी अभ्यासात इतक्या वेळा येते की त्याची परीक्षा घेण्याची निकड सहसा कोणाला वाटत नाही. प्रबंधाच्या प्रस्तावनेत ते गृहीतक म्हणून येते आणि समारोपात निष्कर्ष म्हणून. मधल्या प्रकरणांत सामग्रीचे संकलन आणि वर्गीकरण असते. या प्रवासात एक साधा प्रश्न मागे राहतो. कथन नेमके कशाने बांधते? त्यातील आशयाने, ते सादर होण्याच्या रीतीने, की ते ऐकण्यासाठी जमण्याच्या सवयीने? आणि बांधताना ते कोणाला आत घेते व कोणाला उंबरठ्याबाहेर ठेवते? अमूर्त पातळीवर या प्रश्नांची उत्तरे सोपी वाटतात. एखाद्या विशिष्ट ठिकाणी उभे राहून ते विचारले, म्हणजे मात्र त्यांची गुंतागुंत दिसू लागते.

रायगड जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यातील कामोठे हे असे एक ठिकाण आहे. एका अंगाला शीव-पनवेल महामार्ग, दुसऱ्या अंगाला हार्बर रेल्वेमार्ग. मानसरोवर आणि खांदेश्वर या स्थानकांवरून येथील नोकरदार सकाळी मुंबईकडे जातो आणि रात्री परततो. भातशेती करणाऱ्या आगरी समाजाचे हे गाव १९७० साली सिडकोच्या स्थापनेबरोबर आखल्या गेलेल्या नव्या मुंबईच्या क्षेत्रात आले, पुढे त्या नगराचा एक नोड झाले आणि १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली तेव्हा तिच्यात सामावले गेले. आज तेथे क्रमांकांनी ओळखले जाणारे सेक्टर आहेत, आणि त्यांच्या मधोमध नावाने ओळखले जाणारे गावठाण आहे. सेक्टरांतील रहिवासी सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, मराठवाडा, तळकोकण, मुंबईच्या चाळी आणि महाराष्ट्राबाहेरचे प्रांत, अशा नाना ठिकाणांहून आलेले. गावठाणातील माणूस कोठूनही आलेला नाही. त्याच्या भोवतीचे गावच बदलले आहे. कथनाने समाज जोडला जातो या विधानाची परीक्षा घ्यायची, तर जेथे जोडणी तुटलेली, नव्याने घातलेली आणि अद्याप न घातलेली अशा तिन्ही अवस्थांत एकाच वेळी पाहता येते, असे हे स्थळ आहे.

२

गावठाणातील कथनपरंपरेचे सर्वांत सघन रूप म्हणजे धवले. आगरी लग्नात हळदीपासून वरात घरी येईपर्यंतचे विधी धवलारीण नावाची स्त्री आपल्या गाण्याने चालविते. ती बहुधा प्रौढ असते. तिचे शिक्षण आईच्या, सासूच्या किंवा गावातल्या वडीलधाऱ्या धवलारणीच्या मागे बसून झालेले असते. एक सांगते आणि सोबतच्या बाया ते उचलतात, अशी गाण्याची रीत. तिला केवळ गाणारी म्हणणे अपुरे ठरेल, कारण या लग्नांत दीर्घ काळ पौरोहित्याचे काम तिचेच होते. भटजीवाचून लग्न लागत असे, धवलारणीवाचून लागत नसे. महात्मा फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाची स्थापना करून धार्मिक विधींतील मध्यस्थाला विरोध केला, त्या कार्यक्रमाचे एक अंग उत्तर कोकणातील या स्त्रियांच्या व्यवहारात तत्त्वज्ञानाचा कोणताही उच्चार न करता आधीपासून वावरत होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

धवल या शब्दाला मोठी वंशावळ आहे. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात रचलेल्या ‘संगीतरत्नाकरा’त धवल नावाचा प्रबंध येतो. त्याच शतकात महानुभाव पंथातील महदंबेने रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहसोहळ्याच्या निमित्ताने श्रीकृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे धवळे गायिले, आणि त्यांच्या आधारे आद्य मराठी कवयित्री म्हणून तिची नोंद झाली. ठाणे-पालघरच्या वारली समाजात धवलेरी ही स्त्री आजही विवाहविधीची अधिकारी मानली जाते. भिंतीवरील चौकाचे लेखन आणि तिचे गाणे ही एकाच विधीची दोन अंगे असतात. राजसभेचा शास्त्रग्रंथ, संन्यस्त पंथाची भक्तिरचना आणि डोंगर-खाडीच्या वस्त्यांतील लग्नविधी या तीन स्तरांवर एकच नाम वावरते. या तिन्हींत प्रवाह कोणत्या दिशेने वाहिला, याची चर्चा येथे अभिप्रेत नाही. लक्षात घेण्याची गोष्ट वेगळी आहे. महदंबेचे धवळे लिहिले गेले, आणि नंतर महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतके बंदिस्त राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा झाला तेव्हाच ते मराठी वाङ्मयाच्या इतिहासात आले. आगरी धवले कधीच गुप्त नव्हते. ते भर मांडवात, खड्या आवाजात गायिले जात होते. तरीही वाङ्मयेतिहासाला ते ऐकू यायला अधिक काळ लागला. लेखन आणि मौखिकता यांच्या चर्चेत लिहिलेले टिकते व बोललेले विरते असे समजण्याची प्रथा आहे. या उदाहरणात लिहिलेले लपून राहिले आणि बोललेले टिकले, फक्त त्याची नोंद झाली नाही.

३

धवल्यांतील कथन कशाचे असते? राम-सीता आणि शंकर-पार्वती यांची लग्ने त्यांत येतात. परंतु संग्रहातील पाने चाळणाऱ्या वाचकाला सर्वाधिक जाणवतो तो याद्यांचा विस्तार. गणपती, सूर्य-चंद्र, घरचे देव, गावची देवी, वेशीवरचे देव, गेलेले पूर्वज यांना एकेकाचे नाव घेऊन लग्नाचे आवतण दिले जाते. मग वस्तू येतात: हळद, तांदूळ, नारळ, सुपारी, उंबराची फांदी, मांडवाची मेढ. प्रत्येक वस्तू कोठून आणायची, कोणी आणायची, कोणत्या नात्याने आणायची, हे गाण्यातच सांगितलेले असते. वाङ्मयीन संस्कारांत वाढलेल्या वाचकाला हा भाग कंटाळवाणा वाटतो, आणि निवडक संपादनांत कात्री बहुधा याच ठिकाणी लागते. कथानक, प्रतिमा आणि भावोत्कटता या निकषांवर यादीला मूल्य उरत नाही.

वस्तुतः यादी हाच या कथनाचा कणा आहे. धवलारीण जेव्हा अमुक देवाला आवतण दिल्याचे सांगते, तेव्हा ती घडलेल्या घटनेचे वर्णन करीत नसते. त्या उच्चाराने आवतण दिले जाते. ती मामाने करायच्या कामाचा उल्लेख करते तेव्हा मामाला उठावे लागते. तत्त्वज्ञ जे. एल. ऑस्टिन याने ज्यांना कृतिरूप उच्चार म्हटले, त्यांचे याहून स्पष्ट उदाहरण शोधणे कठीण. अशा कथनात ‘श्रोता’ ही संज्ञाही अपुरी पडते. मांडवात बसलेल्या प्रत्येकाला कथनात एक जागा आहे आणि त्या जागेबरोबर एक काम आहे. ऐकणे म्हणजे आपली पाळी येण्याची वाट पाहणे. जोडले जाण्याचा अनुभव येथे सामायिक भावनेतून येत असेलही. त्याच्या आधी मात्र तो कामाच्या वाटणीतून येतो.

वाल्टर बेन्यामिन याने निकोलाय लेस्कोव या रशियन लेखकाच्या निमित्ताने १९३६ साली लिहिलेल्या निबंधात कथनाची कला आणि हातांचे काम यांचा संबंध दाखविला आहे. सूत कातताना, विणताना ऐकलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या अंगात मुरते. ती कामे गेली की ऐकण्याचे कौशल्यही जाते, असे त्याचे म्हणणे. त्याच निबंधात तो कथनकाराचे दोन मूळ नमुने कल्पितो : एक भूमीला धरून राहिलेला शेतकरी, दुसरा दूरदेशाहून परतलेला दर्यावर्दी. कामोठ्यात हे दोन्ही नमुने शेजारी शेजारी राहतात, पण बेन्यामिनच्या कल्पनेत नसलेल्या रूपाने. दूरदेशाहून आलेला येथे घर घेऊन स्थिरावला आहे, आणि भूमीला धरून राहिलेल्याच्या पायाखालून भूमी गेली आहे.

त्या भूमीचे काम कसे होते हे पाहिल्यावाचून धवल्यांच्या यादीचा अन्वयार्थ लागत नाही. पनवेल-उरण-अलिबाग पट्ट्यातील खारजमीन ही निसर्गाने दिलेली शेतजमीन नव्हे. खाडीच्या भरतीला बांध घालून, उघाडीतून पावसाचे पाणी बाहेर सोडून, वर्षानुवर्षे मीठ धुऊन काढून ती तयार करावी लागते. बांधाला खांड पडली तर खारे पाणी आत शिरते आणि मग कित्येक हंगाम पीक हाती लागत नाही. खांड कोणाच्याही शेतासमोर पडो, पाणी सगळ्यांच्या शेतांत पसरते. म्हणून बांध राखणे हे एकट्याचे काम होऊच शकत नव्हते. रात्री भरतीच्या वेळी हाक आली तर प्रत्येक घराने माणूस पाठवायचा, हा येथील सामूहिकतेचा भौतिक पाया होता. कोणत्या घराने किती हात द्यायचे याची यादी कागदावर नसली तरी सर्वांना ठाऊक असे. लग्नाच्या मांडवात मामाला, आत्याला, शेजाऱ्याला, गावदेवीला नावाने हाक मारणारे कथन आणि बांधावर घराघराला नावाने हाक मारणारी व्यवस्था यांची रचना एकच आहे. यातील एकाने दुसरे घडविले असे कार्यकारणाचे विधान करण्याची गरज नाही. ज्या समाजाला हाकेवर विसंबून राहावे लागते त्याच्या कथनात हाकेला मध्यवर्ती स्थान मिळते, एवढे म्हणणे पुरेसे आहे. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरीचा शेतकरी संप १९३३ ते १९३९ अशी सलग वर्षे टिकला, त्यामागे खोतीविषयीचा संताप होता, तशीच ही हाकेची सवयही असली पाहिजे.

४

१९७० नंतर ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी संपादित होऊ लागल्या तेव्हा यादीचा एक दुसरा प्रकार गावांत आला. सातबाराचा उतारा, संपादनाची नोटीस, मोबदल्याचे पत्रक, प्रकल्पग्रस्ताचा दाखला : यांतही नावे असतात, आणि त्यांवरूनही कोण आत आणि कोण बाहेर हे ठरते. मात्र या यादीतील नावे क्षेत्रफळाशी जोडलेली असतात, कामाशी नव्हे. कुळाचे नाव असेल, मजुराचे नसेल. मुलग्यांची असतील, मुलींची क्वचित. बांधावर हात देणारा भूमिहीन, मीठ वाहणारी स्त्री, खाडीत मासे धरणारा यांना धवल्यांच्या मांडवात जी जागा होती ती या कागदात बहुधा मिळाली नाही. ‘प्रकल्पग्रस्त’ हा शब्द पुढे या मुलखात स्वतःची ओळख सांगण्यासाठी अभिमानानेही वापरला जाऊ लागला. पण तो मुळात कार्यालयाने दिलेला शब्द आहे, आणि कार्यालयाच्या शब्दाने ओळख सांगायची वेळ येणे ही कथनाच्या इतिहासातील घटनाच आहे.

या घटनेला गावांनी आपल्या कथनाने उत्तर दिले. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी जासई परिसरात गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले. विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के भूखंड परत देण्याचे धोरण या लढ्यातून आले. तेव्हापासून दर वर्षी जानेवारीत हुतात्म्यांचे स्मरण होते आणि त्या दोन दिवसांची हकीकत पुन्हा सांगितली जाते. या हकीकतीची घडण पाहिली तर तिच्यातही गावांची यादी येते, नावांची यादी येते, कोण कोणत्या वाटेने आले याचे तपशील येतात. नव्या मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे या मागणीसाठी १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली तेव्हा रस्त्याकडेला हात धरून उभे राहिलेल्यांत १९८४ नंतर जन्मलेले पुष्कळ होते. त्यांनी गोळीबार पाहिला नव्हता. तो ऐकला होता. ऐकलेल्या गोष्टीने माणूस रस्त्यावर उभा राहतो हे कथनाच्या सामर्थ्याचे निर्विवाद उदाहरण आहे, आणि येथेही हाक, यादी व नेमून दिलेली जागा ही तीच रचना काम करीत होती. साखळीत प्रत्येक गावाला आपापली उभी राहण्याची जागा असते.

तथापि, लग्नाच्या मांडवात काय उरले, हा प्रश्न शिल्लक राहतो. जमीन गेली, बांध गेले, उघाड्या बुजल्या. बांधावरची हाक थांबली. धवले राहिले. परंतु उंबराची फांदी आता विकत आणावी लागते, मांडव कंत्राटदार घालतो, आणि सभागृह ठरावीक तासांसाठी भाड्याने मिळते. मामाला उठून करावयाचे काम मामा येण्यापूर्वीच झालेले असते. धवलारीण यादी म्हणते, पण यादीतील क्रियापदे रिकामी झाली आहेत. या अवस्थेत कथन हळूहळू गाण्याकडे, आणि गाणे कार्यक्रमाकडे सरकते. ध्वनिवर्धकावरील हळदीच्या गाण्यांपुढे म्हाताऱ्या आवाजाचा टिकाव लागत नाही, असे सांगून या ऱ्हासाचे खापर नव्या संगीतावर फोडले जाते. ते पुरते न्याय्य नाही. आवाज दबला तो कामे गेल्यानंतर.

५

सेक्टरांतील स्थिती याच्या नेमकी उलट आहे. तेथे सामायिक कामांची वाण नाही. पाण्याची टाकी, उद्वाहन, रखवालदाराचा पगार, गळणारी गच्ची, वाहने लावण्याची जागा : एका इमारतीतील कुटुंबे या गोष्टींनी एकमेकांना बांधलेली आहेत. गच्चीला तडा गेला तर पाणी कोणत्या मजल्यावर झिरपेल याचा नेम नसतो, म्हणजे खांडीचे तत्त्व येथेही लागू आहे. पण या कामाला कथा नाही. त्याची भाषा इतिवृत्ताची आणि थकबाकीदारांच्या यादीची. सूचनाफलकावर लावलेली थकबाकीदारांची नावे हीच काय ती सर्वांनी वाचलेली सामायिक संहिता.

अशा इमारतींत वर्षातून एकदा सत्यनारायणाची पूजा होते. कधी प्रजासत्ताकदिनी, कधी इमारतीच्या वर्धापनदिनी. या कथेकडे पाहण्याची समीक्षेची रीत उपहासाची आहे, आणि त्या उपहासाला आधारही आहे : भय आणि लोभ यांवर उभारलेली, यजमानाने अर्ध्या कानाने ऐकलेली, प्रसादासाठी सहन केलेली अशी ही पोथी. पण तिची संहिता कथनमीमांसेच्या दृष्टीने वाचली तर एक निराळी गोष्ट दिसते. तिच्यात मूळ घटना अशी नाहीच. एकाने व्रत केले, ते दुसऱ्याने पाहिले किंवा ऐकले, म्हणून त्याने केले, एवढेच पुन्हा पुन्हा घडते. काशीतील दरिद्री ब्राह्मणाकडून मोळीविक्याकडे, उल्कामुख राजाकडून साधुवाण्याकडे, अशी ती एका सामाजिक स्तरातून दुसऱ्या स्तरात जाते. कलावती घाईत प्रसाद टाकून जाते आणि नौका बुडते. तुंगध्वज राजा रानात गोपांनी दिलेला प्रसाद अभिमानाने नाकारतो, सर्वस्व गमावतो, आणि परत येऊन गोपांच्या पंक्तीत बसतो तेव्हाच त्याचे गेलेले त्याला मिळते. कथनात सहभागी न होण्याचे परिणाम हाच या कथनाचा विषय आहे. एकत्र बसण्यास नकार देणाऱ्याची गोष्ट एकत्र बसून ऐकण्यासाठी ती रचली गेली आहे. बंगालमध्ये सत्यनारायण आणि सत्यपीर यांच्या उपासना एकमेकींत मिसळलेल्या असून हिंदू व मुसलमान दोघेही त्यांत सहभागी होत आले, ही गोष्ट या रचनेच्या मुळाशी असलेल्या शक्यतेवर प्रकाश टाकते. आज इमारतीच्या वाहनतळात ती वाचली जाते तेव्हा ही शक्यता बहुधा निद्रिस्त असते. ज्याला प्रसाद नेऊन द्यायला कोणी जात नाही अशा घराचा विचार तुंगध्वजाच्या गोष्टीवरून सुचायला हवा. तो सुचत नाही, कारण कथा ऐकली जात नाही, उरकली जाते.

घाटावरून आलेल्या कुटुंबांत लग्नानंतर गोंधळ घातला जातो. संबळ, तुणतुणे आणि दिवटी घेऊन गोंधळी दोन खोल्यांच्या घरात उभा राहतो, आणि त्याचेही कथन देवदेवतांना त्यांच्या त्यांच्या स्थानांवरून बोलावण्याने सुरू होते. तुळजापूर, कोल्हापूर, माहूर, जेजुरी अशी स्थळे एकामागून एक येतात आणि कुटुंबाने मागे ठेवलेला भूगोल त्या खोलीत जमा होतो. रस्त्यापलीकडच्या गावठाणात त्याच आठवड्यात धवलारीण तिच्या देवांना आवतण देत असते. दोन्ही कथनांचे व्याकरण इतके जवळचे आहे की एकाचा श्रोता दुसऱ्या मांडवात गेला तर त्याला अनोळखी शब्दांतून ओळखीची रीत ऐकू येईल. पण तो जात नाही. लग्नसराईत ध्वनिवर्धकाच्या आवाजावरून दोन्ही वस्त्यांत कुरबुर होते. एकमेकांचे कथन एकमेकांना गोंगाट म्हणूनच परिचित असते.

६

येथे परंपरेच्या गौरवाकडे वळण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे, कारण जी यादी बोलावते तीच यादी सीमाही आखते. धवल्यांच्या आवतणात पूर्वज, आप्त, ग्रामदेवता आणि गाव येते. पनवेल तालुक्याच्या डोंगरकडेला वस्ती असलेला कातकरी या परिसरात मजूर म्हणून राबला. त्याचे नाव कोणत्या कडव्यात येते? गावातीलच ज्या घरांना वेशीबाहेर ठेवले गेले त्यांच्याकडे आवतण कोणत्या शब्दांत जात होते, आणि कोणत्या कामापुरते? सर्वांना काम नेमून देणारी रचना सर्वांना समान स्थान देते असे नाही. जातिव्यवस्था हीसुद्धा कामाची वाटणीच होती. स्त्रीला पौरोहित्याचा अधिकार देणारी ही परंपरा विधवेला त्याच मांडवात कोठे बसविते, हेही विचारावे लागते. कथनाने जोडलेला समाज न्याय्यच असतो हे गृहीत धरता येत नाही.

कथनाच्या जोडण्याच्या शक्तीची दुसरी बाजू युरोपच्या अलीकडच्या इतिहासात दिसली आहे. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड यांनी १९३०च्या दशकात युगोस्लाव्हियात गुस्ले या एकतारी वाद्यावर वीरगाथा गाणाऱ्यांचा अभ्यास केला, आणि त्यावर उभा राहिलेला लॉर्डचा १९६०चा ग्रंथ मौखिकतेच्या अभ्यासाचा पाया मानला जातो. त्यांनी ध्वनिमुद्रित केलेल्या गायकांतील सर्वश्रेष्ठ ठरलेला आव्दो मेजेदोविच हा मुसलमान होता. सर्ब ख्रिस्ती गायकही त्याच छंदात, त्याच सूत्रबद्ध रचनेत गात होते. एका कथनरीतीने दोन धर्मसमूह जोडले होते असे तेव्हा म्हणता आले असते. पण १९८९ साली कोसोवोच्या लढाईला सहाशे वर्षे झाली तेव्हा त्याच गाथांच्या आठवणी राजकारणाने उचलल्या, आणि १९९२ नंतर बोस्नियाच्या युद्धात गुस्ले तोफांच्या शेजारी वाजली. परंपरेत रीत सामायिक होती, याद्या निराळ्या होत्या. युद्धाच्या वेळी रीत कोणाच्या लक्षात राहिली नाही, याद्या राहिल्या.

म्हणून कथन जोडते की नाही, असा प्रश्न विचारणेच फारसे फलदायी नाही. त्याच्या यादीत नवे नाव घालता येते का, हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. मौखिक रचनेचे वैशिष्ट्य असे की तिची यादी तत्त्वतः कधीच बंद होत नाही. छंद सांभाळला की नवे गाव, नवी वस्तू, नवा पाहुणा कडव्यात बसविता येतो. प्रत्येक धवलारीण प्रत्येक लग्नात वधूवरांची, त्यांच्या घरांची नावे घालून हे करीतच असते. आगरी घरात घाटावरची सून येते तेव्हा तिच्या माहेरच्या देवाला आवतण जायचे की नाही, हा निर्णय त्या क्षणी एका वृद्ध स्त्रीच्या हाती असतो. महाकाव्याच्या संपादकाला नसलेले आणि पोथीवाचकाला न पेलणारे हे स्वातंत्र्य आहे. अशा विवाहांची संख्या नव्या वस्तीत वाढणारच. त्यांतील किती मांडवांत ती यादी लांबली, हे मोजले गेले तर कथनाच्या सामर्थ्याविषयी काही ठोस बोलता येईल.

७

लोकसाहित्याच्या संकलनावर या विवेचनाचा काही परिणाम व्हायला हवा. मराठीत संकलनाचे काम मोठे झाले आहे. सरोजिनी बाबर आणि त्यांचे सहकारी, दुर्गा भागवत, रा. चिं. ढेरे, तारा भवाळकर यांनी सामग्री आणि दृष्टी दोन्ही पुरविल्या. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या ओव्या लाखाच्या घरात जमल्या, आणि त्यांत ओवी कोणत्या गावची, कोणत्या बाईची, याची नोंद राखली गेली. जाते थांबले, ओव्या उरल्या. त्या उरल्या याबद्दल कृतज्ञ असायलाच हवे. धवल्यांचेही ध्वनिमुद्रण होत आहे, व्हायला हवे, आणि लवकर व्हायला हवे, कारण धवलारणींच्या मागे बसून शिकणाऱ्या मुली आता कमी आहेत. शाळा, महाविद्यालय, नोकरी यांनी त्यांना दुसऱ्या जागा दिल्या, आणि त्या त्यांच्याकडून काढून घ्याव्यात असे कोणी म्हणणार नाही.

मात्र यापुढील अभ्यासकाने शब्दांबरोबर आणखी काही टिपून घेतले पाहिजे. अमुक ओळ म्हटली गेली तेव्हा कोण उठले? कोणती वस्तू कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली? कोणाचे नाव घेताना गाणारी थांबली? मांडवात हजर असलेल्यांपैकी कोणाचे नाव शेवटपर्यंत आले नाही? ही नोंद नसलेली संहिता कितीही शुद्ध असली तरी ती त्या समाजाच्या जोडणीविषयी मुकी राहते. संग्रहालयात ठेवलेल्या उघाडीच्या फळीवरून भरतीचा अंदाज येत नाही, तसे ते आहे. हा अभ्यास कामोठ्यासारख्या ठिकाणी गावठाणापुरता न ठेवता वाहनतळातील पोथीवाचनापर्यंत आणि दोन खोल्यांतील गोंधळापर्यंत न्यावा लागेल. या तीन मांडवांत तीन निरनिराळ्या याद्या चालू आहेत, आणि त्यांच्यात एकही नाव सामायिक नसेल तर कथनाने समाज जोडला असे त्या नगराविषयी अद्याप म्हणता येणार नाही. पाणी मात्र तिन्ही ठिकाणी एकाच जलवाहिनीतून येते, आणि पावसाळ्यात सखल भागात साचते तेव्हा ते सेक्टर आणि गावठाण यांतला भेद पाळत नाही. त्या पाण्यासाठी हाक कोणी घालायची आणि तिच्यात कोणाकोणाची नावे यायची, हे ठरेपर्यंत धवलारणीची जुनी यादी निदान ऐकून ठेवण्याजोगी आहे.